कोलेस्टेरॉलची गोळी आणि ताटातलं खाणं: द्राक्षं बंद करण्याआधी स्ट्रिपवरचं नाव वाचा

कृष्णाकाठ
तासगाव-पलूसकडची द्राक्षं बाजारात आली की मिरज-सांगलीतल्या मेडिकलच्या काउंटरवर एक प्रश्न हमखास येतो: "कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे, द्राक्षं चालतील का?" काही जणांनी तर द्राक्षं आणि बेदाणे दोन्ही केव्हाच सोडलेले असतात. म्हणून हा धागा काढतोय.

या सगळ्याचं मूळ भाषांतराच्या चुकीत आहे. औषधाच्या माहितीपत्रकात 'ग्रेपफ्रूट' टाळा असं लिहिलेलं असतं, त्याचं मराठीत कुणीतरी 'द्राक्ष' केलं आणि ते व्हॉट्सॅपवरून गावोगाव पसरलं. ग्रेपफ्रूट हे लिंबूवर्गातलं फळ आहे. पपनसाचा आणि संत्र्याचा संकर होऊन ते तयार झालं. मोठ्या मोसंबीएवढं, आतून गुलाबी किंवा पिवळसर, चवीला कडवट. वेलीवरच्या द्राक्षाशी त्याचा नावापलीकडे काही संबंध नाही. थॉमसन, सोनाका, माणिकचमन, शरद यातली कुठलीही द्राक्षं स्टॅटिनच्या (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या मुख्य औषधगटाच्या) गोळीला आडवी येत नाहीत.

बेदाण्याचंही तेच. मात्र बेदाण्यात वजनाच्या निम्म्याहून जास्त साखर असते. ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) चढलेले असतील किंवा मधुमेह असेल तर मूठभर बेदाणे रोज खाऊ नयेत. तो साखरेचा प्रश्न झाला, गोळीचा नाही. दोन्हींची गल्लत नको.

आता मुद्द्याचं. 'कोलेस्टेरॉलची गोळी' नावाची एकच गोळी नसते. स्ट्रिप उलटी करून कंपनीच्या ठळक नावाखाली बारीक अक्षरात काय छापलंय ते वाचा. अटोर्व्हास्टॅटिन, रोझुव्हास्टॅटिन, सिमव्हास्टॅटिन, पिटाव्हास्टॅटिन, फेनोफायब्रेट, एझेटिमाइब यांपैकी एक किंवा दोन नावं सापडतील. खाण्याचे नियम या नावावर ठरतात. नाव न सांगता 'काय खाऊ' विचारलंत तर नेमकं उत्तर कुणालाच देता येणार नाही.

माणदेशी
दादा, ग्रेपफ्रूट आपल्या मंडईत क्वचितच दिसतं. पण पपनसाची झाडं परसात आहेत, गणपतीच्या सुमाराला बाजारातही येतात. शिवाय आटपाडीचं डाळिंब, रोजची मोसंबी, लिंबू यांचं काय? नियम फळागणिक सांगा.

अजिंक्यतारा
माणदेशी, पपनसाचा प्रश्न एकदम योग्य आहे. आपल्याकडे खरी काळजी त्याचीच घ्यायला हवी.

आतड्याच्या अस्तरात सीवायपी3ए4 नावाचं एन्झाइम असतं. पोटातून रक्तात जाणाऱ्या कितीतरी औषधांचा मोठा भाग ते वाटेतच मोडून टाकतं. सिमव्हास्टॅटिनचं उदाहरण घ्या. गिळलेल्या 100 भागांपैकी जेमतेम 5 भाग कामाच्या रूपात रक्तापर्यंत पोहोचतात, बाकीचे आतडं आणि यकृत मिळून संपवतात. डॉक्टरांनी दिलेली मात्रा हे 95 वाया जाणार असं धरूनच ठरलेली असते. ग्रेपफ्रूट आणि पपनसातली फ्युरानोकौमरिन ही द्रव्यं आतड्यातलं एन्झाइम कायमचं निकामी करतात. 95 ऐवजी 90 भागच मोडले गेले तरी रक्तात 5 च्या जागी 10 जातात. म्हणजे गोळी तीच राहिली आणि मात्रा दुप्पट झाली. ग्रेपफ्रूटच्या रसाचा रोज एक ग्लास घेतला तर सिमव्हास्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण तिपटीच्याही वर गेल्याचं मोजलेलं आहे.

"गोळी रात्री घेतो, फळ सकाळी खातो, मग काय बिघडतं?" असं बरेच जण विचारतात. एन्झाइम तात्पुरतं दबत नाही, बाद होतं. नवं तयार व्हायला एक ते तीन दिवस लागतात. त्यामुळे बारा तासांचं अंतर ठेवून उपयोग नाही.

फळागणिक सांगतो:
- ग्रेपफ्रूट, पपनस: सिमव्हास्टॅटिन किंवा लोव्हास्टॅटिन असेल तर पूर्ण बंद. अटोर्व्हास्टॅटिनवर परिणाम कमी होतो. एखाद्या वेळी दोन फोडी खाल्ल्या तर घाबरू नका, पण रोजचा रस नको. गोळी 40 किंवा 80 मिग्रॅची असेल तर तेही टाळा.
- रोझुव्हास्टॅटिन, पिटाव्हास्टॅटिन, प्रॅव्हास्टॅटिन, फ्लुव्हास्टॅटिन यांचा मार्ग वेगळा आहे. यांना पपनसाची अडचण नाही.
- मोसंबी आणि गोड संत्रं चालतं. वरणावर पिळलेल्या लिंबाची काळजी नको.
- कडू संत्रं नको. इंग्रजी पद्धतीचं मार्मालेड त्याचंच करतात. पाचगणी-महाबळेश्वरकडून बरणी आणलीत तर कुठल्या संत्र्याचं आहे ते लेबलवर बघा.
- डाळिंब खा. ग्रेपफ्रूटसारखा परिणाम डाळिंबाचा दिसलेला नाही.

एक अवांतर. ग्रेपफ्रूटचा हा गुण 1989 साली कॅनडात योगायोगाने कळला. रक्तदाबाच्या फेलोडिपिन या औषधाबरोबर दारू घेतली तर काय होतं हे तपासत होते. दारूची चव लपवायला ग्रेपफ्रूटचा रस वापरला आणि औषधाचं प्रमाण भलतंच चढलेलं दिसलं. तोवर फळाच्या रसाकडे या नजरेने कुणी बघितलंच नव्हतं.

कृष्णाकाठ
अजिंक्यताराशी सहमत, एक जोड देतो. काही औषधंही हेच एन्झाइम अडवतात. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, बुरशीवरचं इट्राकोनॅझोल ही त्यातली ठळक. घसा धरला म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर स्टॅटिनची स्ट्रिप दाखवा. पाच-सात दिवसांच्या कोर्ससाठी ते दुसरं अँटिबायोटिक देतील किंवा तेवढे दिवस सिमव्हास्टॅटिन थांबवायला सांगतील. हा निर्णय त्यांचा. रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन चालू असेल तर सिमव्हास्टॅटिन 20 मिग्रॅच्या वर नेत नाहीत, हेही ध्यानात ठेवा.

वाई_घाट
गोळी जेवणाआधी की नंतर, सकाळी की रात्री? घरोघरी वेगवेगळं सांगतात.

अजिंक्यतारा
ताई, हेही नावावरच आहे.

यकृत कोलेस्टेरॉल जास्त करून रात्री तयार करतं. सिमव्हास्टॅटिन शरीरात दोन-तीन तासच टिकतं, म्हणून ते रात्रीच घ्यायचं. सकाळी घेतलं तर कामाच्या वेळी ते हजरच नसतं. अटोर्व्हास्टॅटिनचं अर्धायुष्य (रक्तातलं औषध निम्म्यावर यायला लागणारा वेळ) साधारण 14 तास, रोझुव्हास्टॅटिनचं 19 तास. ही दोन्ही दिवसभर टिकतात, तेव्हा सकाळ-संध्याकाळ काहीही चालेल. रोज तीच वेळ पाळा म्हणजे झालं. रात्रीची विसरत असाल तर सकाळच्या चहाला जोडून घ्या.

जेवणाचं म्हणाल तर अटोर्व्हास्टॅटिन जेवणाबरोबर घेतल्यावर थोडं हळू आणि किंचित कमी शोषलं जातं, पण एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उतरायचं तेवढंच उतरतं. रोझुव्हास्टॅटिनला जेवणाने फरक पडत नाही. फक्त लोव्हास्टॅटिन रात्रीच्या जेवणाबरोबरच घ्यावं लागतं, रिकाम्या पोटी त्याचं शोषण बरंच घटतं. आपल्याकडे ते आता फारसं कुणी लिहून देत नाही.

मग 'जेवणानंतरच घ्या' असं का सांगतात? ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि अटोर्व्हास्टॅटिन एकाच कॅप्सूलमध्ये भरलेलं असतं तेव्हा ॲस्पिरिन रिकाम्या पोटाला त्रास देतं. तो नियम ॲस्पिरिनसाठी आहे, स्टॅटिनसाठी नाही.

भडंगप्रेमी
जेवण तिखट झालं की लगेच ॲसिडिटीचं गुलाबी पातळ औषध दोन झाकणं, आणि त्याच वेळी कोलेस्टेरॉलची गोळी. यात काही अडचण आहे का?

कृष्णाकाठ
गोळी रोझुव्हास्टॅटिन असेल तर नक्की आहे. ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड असलेलं पातळ अँटासिड तिच्याबरोबरच घेतलं तर रक्तात जाणारं औषध निम्म्यावर येतं. गोळी रोज घेऊनही एलडीएल हलत नाही, मग डॉक्टर मात्रा वाढवतात. आधी गोळी घ्या, निदान दोन तास जाऊ द्या, मग अँटासिड. अँटासिड रोजच लागत असेल तर ते डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवं.

इसबगोल घेणाऱ्यांनीही सांभाळा. एक मोठा चमचा भुसी ग्लासभर पाण्यात टाकून ढवळा आणि दोन मिनिटं बघत बसा. ढगाळ पाणी होतं, मग चमचा जड फिरायला लागतो आणि शेवटी लिबलिबीत गोळा होतो. पोटातही तेच होतं आणि त्याच वेळी गिळलेली गोळी त्या चिकट गोळ्यात अडकू शकते. म्हणून कुठलीही गोळी आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर हवं. भुसी ग्लासभर, म्हणजे 240 मिली तरी पाण्याबरोबर आणि घट्ट व्हायच्या आत प्यायची. कोरडी तोंडात टाकून वरून घोटभर पाणी घेतलं तर ती घशात फुगून अडकते. वयस्कर माणसांना असं देऊ नका.

खंडाळी_आहार
इसबगोलचा विषय निघालाच आहे तर आहारशास्त्राच्या बाजूने लिहिते. लोक इसबगोलकडे फक्त पोट साफ होण्यासाठी बघतात, पण त्याचं मोठं काम वेगळंच आहे.

स्टॅटिनची मात्रा दुप्पट केली की एलडीएलमध्ये फक्त 6 टक्क्यांच्या आसपास आणखी घट मिळते. 10 ची 20 करा किंवा 20 ची 40 करा, प्रत्येक पायरीला तेवढीच. दुसरीकडे रोज 10 ग्रॅम इसबगोलने एलडीएल साधारण तेवढंच उतरतं. रोजचं इसबगोल नीट सुरू ठेवलं तर मात्रेची एक पायरी वाचू शकते. भुसी फार हलकी असते, चमच्याचा अंदाज फसतो. एकदा काट्यावर 5 ग्रॅम मोजून आपला चमचा ठरवा. पहिला आठवडा दिवसाला 5 ग्रॅम, मग सकाळ-संध्याकाळ मिळून 10. एकदम 10 ने सुरुवात केली की पोट फुगतं आणि माणूस चौथ्या दिवशी डबा कपाटात ठेवून देतो.

हे घडतं कसं? आतड्यातलं पित्त या चिकट तंतूत अडकून शौचावाटे जातं. यकृताला नवं पित्त करायला कोलेस्टेरॉल लागतं, ते रक्तातून ओढून घेतं. स्टॅटिनही यकृताला हेच करायला लावतं, यकृताच्या पेशींवर एलडीएल पकडणारी केंद्रं वाढवतं. दोघं एकाच दिशेला ओढतात. तूप, साय, खवा, पामतेल यांतली संपृक्त चरबी नेमकी हीच केंद्रं कमी करते. गोळी दारं उघडत असताना आपण ताटातून ती लावत बसतो.

या तंतूसाठी परक्या पाकिटाची गरज नाही. कोरेगावचा वाघ्या घेवडा वाटीभर शिजवून खा. माण-खटावकडचे हुलगे, मटकी, सातूचं पीठ ही त्याच कामाची. ओट्स खाणार असाल तर कोरडे 75 ग्रॅम घ्या, तेव्हा कुठे 3 ग्रॅम बीटा-ग्लुकान (ओट्समधला असाच चिकट तंतू) मिळतं. दोन चमचे ओट्स दुधात टाकून काही साधत नाही.

आता ताटातल्या चरबीचा हिशोब. दिवसाला 2000 कॅलरी खाणाऱ्याने संपृक्त चरबी 15 ग्रॅमच्या आसपास ठेवावी. म्हशीचं सायीसकट 250 मिली दूध घेतलं की त्यातले 10 ग्रॅम गेले. एक मोठा चमचा तूप घेतलं की आणखी 8-9. साताऱ्याचा कंदी पेढा अजून डब्यातच आहे आणि दिवसाची मर्यादा ओलांडून झाली! मी पेढा बंद करा म्हणत नाही. सणाला एक खावा, पण त्या दिवशी दूध साय काढून घ्या. दूध तापवून थंड करून साय काढायची, पुन्हा तापवून थंड करून दुसरी साय काढायची. बरीच चरबी तिथेच निघते.

रश्श्याचंही असंच. मटणाचा रस्सा आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर गोठलेला पांढरा थर चमच्याने उचलून टाका आणि मग गरम करा. कट गेला तरी मसाल्याची चव रश्श्यात राहते.

भडंगप्रेमी, तुमच्यासाठी: घरचं भडंग वाईट नाही. पाव किलो चुरमुऱ्यांना तीन मोठे चमचे शेंगतेल पुरतं, लसूण आणि शेंगदाणे काही अपाय करत नाहीत. शेंगतेलात संपृक्त चरबी पाचव्या हिश्शाच्या आसपास असते, पामतेलात जवळपास निम्मी. विकतचं आणत असाल तर पाकिटावर पामोलिन (म्हणजे पामतेलच) लिहिलंय का ते बघा. घाण्याचं तेलही तेलच, चमच्याचं माप त्यालाही लागू.

माणदेशी
ताई, दुधीचा रस आणि हळदीच्या कॅप्सूल घेऊन गोळी सोडणारे गावात बरेच आहेत. त्यावर सांगा.

खंडाळी_आहार
यावर स्पष्टच लिहिते, कारण इथे जिवाशी खेळ होतो.

दुधीचा रस काढण्याआधी दुधीचा लहानसा तुकडा कच्चा चाखा. जराही कडू लागला तर अख्खा दुधी फेका. गूळ, आवळा, पुदिना घालून कडूपणा लपवू नका. कडूपणा कुकुर्बिटासिनचा असतो. त्याने रक्ताच्या उलट्या होतात, रक्तदाब एकदम कोसळतो, माणसं दगावलेली आहेत. दुधीची भाजी करून खा, ते जास्त बरं.

सांगलीची हळद भाजीत, दुधात घालतो तेवढ्या प्रमाणात बिनघोर वापरा. कॅप्सूलमध्ये मात्र कुरकुमिन एकवटलेलं असतं आणि शोषण वाढावं म्हणून मिरीचा अर्कही घातलेला असतो. अशा कॅप्सूलनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. स्टॅटिन चालू असताना रक्ततपासणीत यकृताचे एन्झाइम वाढलेले दिसले तर दोष कॅप्सूलचा की गोळीचा हेच कळत नाही आणि बंद होते ती गोळी.

'नैसर्गिक' म्हणून ऑनलाइन मिळणारा लाल यीस्ट तांदूळ तर मुळीच नको. त्यातलं मोनाकोलिन-के म्हणजे रासायनिकदृष्ट्या लोव्हास्टॅटिनच. एक स्टॅटिन चालू असताना दुसरं, तेही न मोजलेलं, पोटात जातं.

वाई_घाट
एकादशी, नवरात्र, श्रावणी सोमवार. उपवासाला गोळी घ्यायची का?

कृष्णाकाठ
स्टॅटिन आणि एझेटिमाइब घ्यायचंच, पाण्याबरोबर, नेहमीच्या वेळी. पोट रिकामं असलं तरी चालतं, फक्त लोव्हास्टॅटिन असेल तर ते फराळाबरोबर. रोजा धरणाऱ्यांनी सहरी किंवा इफ्तारच्या वेळी घ्यावं.

फेनोफायब्रेट वेगळं. त्याच्या बऱ्याच गोळ्या अन्नाबरोबरच नीट शोषल्या जातात, रिकाम्या पोटी घेतल्या तर बरंचसं औषध वाया जातं. उपवासाच्या दिवशी ती फराळाबरोबर घ्या, मग ते भगर-आमटी असो की दही-रताळं. फक्त साबुदाणा वड्यांवर दिवस काढलात तर ट्रायग्लिसराइड वाढवणारं खाणं आणि उतरवणारी गोळी एकाच वेळी पोटात जाते. त्यापेक्षा भगर आणि ताक बरं.

त्याच गटातलं जेमफायब्रोझिल लिहून दिलं असेल तर ते जेवणाआधी अर्धा तास. तेच सिमव्हास्टॅटिनबरोबर चालू असल्याचं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. ही जोडी एकत्र द्यायचीच नसते.

अजिंक्यतारा
स्नायूंबद्दल राहिलं होतं. गोळीचं प्रमाण रक्तात वाढलं, मग ते पपनसाने असो, अँटिबायोटिकने असो की चुकून दोनदा घेतल्याने, त्याची पहिली खूण दोन्ही मांड्यांत किंवा दोन्ही खांद्यांत दिसते. सारखं दुखणं, जिना चढताना मांडी न उचलणं. एकाच गुडघ्यातलं दुखणं शक्यतो गोळीचं नसतं. डॉक्टर सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) तपासतात. त्याआधी दोन-तीन दिवस जड व्यायाम किंवा उसाच्या मोळ्या उचलण्यासारखं काम नको, त्यानेही सीपीके वाढतं. थायरॉइड आणि ड जीवनसत्त्वही तपासून घ्या, ते कमी असलं तरी स्नायू दुखतात.

लघवी काळ्या चहासारखी झाली तर मात्र वाट बघू नका. गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

पालेभाज्या बंद करणाऱ्यांसाठी: मेथी, पालक यांचा नियम वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा आहे, स्टॅटिनचा नाही. दोन्ही चालू असतील तर भाजीचं रोजचं प्रमाण सारखं ठेवा आणि स्टॅटिन नव्याने सुरू झालं की आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) करून घ्या.

लॅब_टेबल
लिपिड प्रोफाइलला, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या रक्ततपासणीला, येताना होणाऱ्या चुका लिहितो. जेवणाचा सगळ्यात मोठा घोळ इथेच दिसतो.

पुष्कळ लॅबमध्ये एलडीएल प्रत्यक्ष मोजत नाहीत, काढतात. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) वजा, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. एकूण 190, एचडीएल 42, उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड 180 असतील तर 190 वजा 42 वजा 36, एलडीएल 112. तोच माणूस रात्री लग्नाचं जेवण उशिरा जेवून सकाळी लवकर आला आणि ट्रायग्लिसराइड 280 झाले, तर वजा होतात 56 आणि कागदावर एलडीएल येतं 92. खरं काहीच उतरलेलं नाही, रिपोर्ट मात्र छान दिसतो. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर असतील तर हे सूत्र चालतच नाही, तेव्हा डायरेक्ट एलडीएल मागा.

म्हणून 9 ते 12 तास उपाशी. पाणी प्या, नाहीतर शीर सापडत नाही. चहा, दूध, तंबाखू नको. आदल्या दिवशी दारू नको. स्टॅटिनची गोळी चुकवू नका, गोळी चालू असताना आकडा किती आहे हेच बघायचंय. नवी गोळी किंवा नवी मात्रा सुरू केल्यावर 4 ते 12 आठवड्यांनी या. आठ दिवसांत आलात तर पैसे वाया.

भडंगप्रेमी
आणि गोळी एखाद्या दिवशी विसरली तर?

लॅब_टेबल
त्याच दिवशी आठवली तर घ्या. दुसऱ्या दिवशीच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर ती राहू द्या, दोन एकदम घेऊ नका. तपासणीच्या आठवड्यात किती चुकल्या ते फॉर्मवर लिहून द्या. 'गोळी रोज घेतो' असं लिहून चार चुकवलेल्या असतील तर डॉक्टर तो आकडा बघून मात्रा वाढवतील.